लिटल मिस कॉट: शर्ली स्कॉट आणि हॅमंड ऑर्गन

मंडळी, बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय 'ऑर्गनवादिका शर्ली स्कॉट' असा लिहिला आहे. आत येताना एका काकांनी मला थांबवून विचारलं, "ऑर्गन म्हणजे आपल्या नाटकातलाच ना?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे ऑर्गन म्हटलं की बालगंधर्वांचा रंगमंच डोळ्यांपुढे येतो. कादरबक्षांची सारंगी, थिरकवाँचा तबला आणि हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन. पायानं भाता हलवायचा आणि दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे. मी स्वतः चाळीस वर्षं पेटीची साथ करत आले आहे, तेव्हा त्या ऑर्गनवर बोलायचं असतं तर मला ही संध्याकाळ पुरली नसती. पण आजच्या ऑर्गनला भाताच नाही. त्यात वाराही नाही आणि सूर काढणारी पितळी पत्तीही नाही. त्यात आहे एक मोटर, आणि ती वाजवणारी बाई फिलाडेल्फियाची.

सुरुवातीलाच सांगते, मी जाझची जाणकार नाही. सात-आठ वर्षांपूर्वी भाच्याच्या घरी एक तबकडी लागली होती. स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता माझे कान टवकारले, ते त्या बाई काय वाजवत होत्या म्हणून नव्हे, तर कुठे वाजवत नव्हत्या म्हणून. साथ करणाऱ्याचा कान आधी तिथेच जातो. सॅक्सोफोनवाला श्वास घ्यायला थांबला की त्या दोन सूर ठेवायच्या आणि तो परत सुरू व्हायच्या आत हात उचलायच्या. मी भाच्याला विचारलं, "कोण रे ही?" तेव्हापासून हे वेड लागलंय. आणि हो, मी त्यांना शर्लीबाईच म्हणणार आहे. मोगूबाई, केसरबाई ऐकत वाढलेल्या माणसाची जीभ कलावंत बाईला नुसत्या नावानं हाक मारायला वळत नाही.

आधी वाद्य. लॉरेन्स हॅमंड हा शिकागोचा इंजिनिअर, विजेवर चालणारी घड्याळं बनवणारा. त्याच्या घड्याळात सिंक्रोनस मोटर असायची. म्हणजे विजेच्या प्रवाहाची जी वारंवारिता असेल तिच्याशी जखडून फिरणारी मोटर. त्यामुळे घड्याळ पुढेमागे होत नाही. हीच मोटर त्यानं वाद्यात घातली. १९३४ साली पेटंट मिळालं, १९३५ मध्ये वाद्य बाजारात आलं. आत एका रांगेत ९१ पोलादी चाकं. आकारानं साधारण चकलीएवढी, आणि कडेला काटेही चकलीसारखेच. प्रत्येक चाकासमोर एक चुंबक, त्यावर तारेचं वेटोळं. चाक फिरलं की एकेक काटा चुंबकासमोरून जातो आणि तारेत बारीकशी वीज हेलकावते. तो हेलकावा म्हणजे सूर. चाकं वाद्य चालू असेपर्यंत सतत फिरत असतात. तुम्ही पट्टी दाबता तेव्हा सूर निर्माण होत नाही, आधीच फिरत असलेल्या सुराला फक्त दार उघडून मिळतं.

इथे एक गंमत सांगायचा मोह होतो. अमेरिकेत विजेची वारंवारिता ६० हर्ट्‌झ, आपल्याकडे ५०. तिथला ऑर्गन आणून, व्होल्टेजची सोय करून नुसता आपल्या प्लगला जोडला तर मोटर सहाला पाच या प्रमाणात हळू फिरणार. सहाला पाच हे प्रमाण म्हणजे षड्ज आणि कोमल गंधार यांच्यातलं अंतर. म्हणजे पांढरी चार दाबाल तर पांढरी दोन ऐकू येईल! आमच्या गायिकांची अर्धी भांडणं पट्टीवरून होतात. त्यांना हे वाद्य दिलं तर महावितरणशीच भांडावं लागेल.

पट्ट्यांचे दोन थर, एकावर एक, प्रत्येकी ६१ पट्ट्या. खाली पायाशी २५ लाकडी पेडल्स, तीही सुरांचीच. आणि पट्ट्यांच्या वर ओढायच्या दांड्या, एका संचात नऊ. त्या ड्रॉबारची रचना मला समजली तेव्हा मी खरोखर उडाले. एक दांडी म्हणजे तुम्ही दाबलेला षड्ज. एक खालचा, खर्जातला षड्ज. मग पंचम, तार षड्ज, त्याच्या वरचा पंचम, आणखी वरचा षड्ज आणि सातवी दांडी गंधार! तंबोरा उत्तम जुळला की षड्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप ऐकू येतो, स्वयंभू म्हणतो आपण ज्याला, तो इथे एका दांडीवर बसवलाय. बाहेर ओढाल तेवढा वाढेल. अर्थात तो खरा स्वयंभू नव्हे. चाकं समान अंतराच्या सप्तकासाठी कापलेली असल्यामुळे तो पेटीतल्या गंधारासारखाच थोडा चढा असतो. पण कल्पना तीच आहे. सुराच्या पोटातले सूर वेगळे काढून हाताशी ठेवायचे आणि आमटीत मीठमसाला घालावा तसे हवे तेवढे घालायचे.

जाझवाल्यांचं लाडकं मॉडेल बी-थ्री, पन्नाशीच्या दशकाच्या मध्याला आलेलं. बाक आणि पेडल्ससकट वजन १९० किलोच्या आसपास. शिवाय लेस्ली नावाचा स्पीकर वेगळा, कपाटाएवढा. त्यात कर्णा स्वतःभोवती फिरतो, सावकाश किंवा जलद, आणि सुराला लाटा येतात. डोनाल्ड लेस्लीनं हा स्पीकर हॅमंडला दाखवला, तर हॅमंडला तो आवडला नाही. आज ते दोन आवाज एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. पट्टी दाबताना जो बारीक 'टक्' येतो तोही हॅमंडच्या लेखी दोषच होता. वाजवणाऱ्यांना मात्र तो हवाहवासा वाटला, कारण त्यानं सुराला धार येते. वाद्य करणाऱ्याला काय हवं आणि वाजवणाऱ्याला काय हवं, यांचं कधीच जमत नाही. आमच्या पेटीचं तेच. आकाशवाणीनं १९४० साली पेटीला बाहेर काढलं ते तीस वर्षं आत घेतलं नाही, आणि लोक घराघरात तिच्यावरच गाणं शिकत राहिले.

तर हा हॅमंड आधी चर्चमध्ये गेला. मोठ्या नळ्यांचा पाइप ऑर्गन गरीब वस्त्यांमधल्या चर्चना परवडणारा नव्हता. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये प्रवचनकाराचा आवाज चढत जाणार, समोरून लोक हुंकार भरणार, आणि त्या दोघांच्या मधली जागा ऑर्गननं भरायची. कीर्तनात बुवा थांबले की टाळकरी जसे उचलून धरतात, तसं. शनिवारी रात्री बार, रविवारी सकाळी चर्च, आणि दोन्हीकडे वाद्य एकच. अशा चर्चच्या वळणाच्या जाझला 'सोल जाझ' हे नाव पुढे मिळालं, पण त्याची सगळी ठेवण या शनिवार-रविवारात आहे. बारमालकांना ऑर्गन आवडायचं आणखी एक रोकडं कारण होतं. ऑर्गनवाला डाव्या हातानं आणि पायानं खर्जाची चाल सांभाळतो, म्हणजे बेसवाल्याचे पैसे वाचले. ऑर्गन, ड्रम्स आणि जोडीला गिटार नाहीतर सॅक्सोफोन, एवढ्यात अख्खा बँड. पुष्कळ ठिकाणी ऑर्गन बारचाच असायचा. कलावंतानं फक्त दोन हात घेऊन यायचं.

या प्रकाराचा मूळपुरुष जिमी स्मिथ. फिलाडेल्फियाजवळच्या नॉरिसटाउनचा. त्यानं १९५६ पासून ब्लू नोट कंपनीसाठी तबकड्या केल्या आणि हॅमंडवर बीबॉप, म्हणजे वेगवान आणि गुंतागुंतीचा जाझ, वाजवता येतो हे सिद्ध करून टाकलं. तुफान माणूस. सूर म्हणजे नुसता धबधबा. त्याच्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवं, पण ते माझ्याकडून नको. मला दोन तबकड्यांनंतर धाप लागते.

फिलाडेल्फियाच्या पाण्यातच काहीतरी असावं. जिमी मॅकग्रिफ तिथला, चार्ल्स अर्लंड तिथला, ट्रूडी पिट्स तिथली, नदीपलीकडच्या कॅमडनचा ग्रूव्ह होम्स. आणि १४ मार्च १९३४ रोजी जन्मलेल्या शर्लीबाई. वडिलांना सॅक्सोफोनचा नाद, घराच्या तळघरात त्यांनी जाझचा छोटा खासगी क्लब चालवलेला. मुलगी आधी पियानो शिकली, मग शाळेत ट्रम्पेट. हा ट्रम्पेट लक्षात ठेवा. माझं असं मत आहे, आणि ते माझंच आहे, कुठल्या पुस्तकातलं नाही, की शर्लीबाईंची ऑर्गनवरची प्रत्येक ओळ श्वासाच्या मापाची आहे. ऑर्गनला श्वास लागत नाही. मोटर फिरते आहे तोवर तुम्ही सूर तासभर धरून ठेवू शकता, आणि बरेच जण धरतातही. लोक टाळ्या वाजवतात. शर्लीबाई मात्र फुंकवाद्य वाजवणाऱ्यासारख्या वाक्य संपवतात, थांबतात, मग पुढचं वाक्य. हातात ट्रम्पेट राहिला नाही तरी फुप्फुसं राहिली.

पन्नाशीच्या दशकाच्या मध्याला एका क्लबमालकाला ऑर्गन वाजवणारं कुणीतरी हवं होतं, म्हणून त्या हॅमंडवर बसल्या. त्याच सुमारास त्या हाय-टोन्स नावाच्या एका स्थानिक बँडमध्ये होत्या. बिल कार्नी हा त्याचा म्होरक्या, अल हीथ ड्रम्सवर आणि सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन. हो, तोच. तेव्हा तो जगाला फारसा माहीत नव्हता. १९५५ मध्ये विख्यात ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसनं त्याला आपल्या बँडमध्ये उचललं आणि पुढे तो जाझमधला फार मोठा सॅक्सोफोनवादक झाला. शर्लीबाई विशीत, बाजूला कोल्ट्रेन, आणि त्याला साथ करायची. त्या काळचं ध्वनिमुद्रण असतं तर मी माझी जर्मन पेटी विकली असती.

पुढे एडी डेव्हिस नावाच्या टेनर सॅक्सोफोनवाल्यानं त्यांना आपल्याकडे घेतलं. लोक त्याला 'लॉकजॉ' म्हणत, म्हणजे दातखिळीवाला. त्याचा आवाज रांगडा, घोगरा, भर बाजारात हाक मारल्यासारखा. १९५८ साली प्रेस्टीज कंपनीनं या जोडीच्या 'कुकबुक' नावानं तबकड्या काढल्या आणि त्या धडाक्यात खपल्या. चिजांची नावं बघा: एक 'द शेफ', एक 'स्किलेट' म्हणजे तवा, एक 'सिमरिन', म्हणजे मंद आचेवर. आणि सगळ्यांत गाजली ती 'इन द किचन'. बँडमध्ये एकच बाई, आणि नावं सगळी स्वयंपाकघरातली. कंपनीतल्या कुणालातरी हे फार गमतीचं वाटलं असणार.

पण 'इन द किचन' ऐकाच. तेरा मिनिटांच्या आसपासची संथ ब्लूज आहे. ब्लूज म्हणजे बारा मात्रांचं नव्हे, बारा बारचं आवर्तन (हा बार दारूचा नव्हे, बहुधा चार मात्रांचा एक खंड), त्यातला स्वरसमूहांचा क्रम ठरलेला, आणि त्यातच फिरत राहायचं. लॉकजॉ बडबड करतो, जेरोम रिचर्डसनची बासरी येते, आणि त्यांच्या खाली शर्लीबाई. पहिली काही आवर्तनं तर त्या आहेत की नाहीत असं वाटावं. मग हळूहळू ऑर्गनचा गठ्ठा फुगायला लागतो. उजवा पाय व्हॉल्यूमच्या पेडलवर असतो, त्यानं एकाच सुराला उठवता येतं, निजवता येतं. आपण भात्यानं करतो ना, तेच. मला वाटतं पेटीवाल्यानं हॅमंड ऐकताना हाताकडे नाही, पायाकडे लक्ष द्यावं.

ही मुद्रणं झाली ती न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक गावी, रूडी व्हॅन गेल्डर नावाच्या माणसाच्या आईवडिलांच्या दिवाणखान्यात. व्हॅन गेल्डर दिवसा लोकांचे डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायचा आणि उरलेल्या वेळात रेकॉर्डिंग करायचा. शर्लीबाईंची स्वतःच्या नावाची पहिली तबकडी 'ग्रेट स्कॉट!' तिथलीच, मे १९५८ मधली. चोविसाव्या वर्षी. सोबत जॉर्ज डुव्हिव्हिए आणि आर्थर एजहिल.

आणि इथे मी मुद्द्यावर येते. डुव्हिव्हिए बेस वाजवतो. तुम्ही म्हणाल, मघाशी तर सांगितलंत की ऑर्गन आला की बेसवाल्याची गरज नाही! अगदी बरोबर. ऑर्गनवाल्याची सगळी प्रौढी त्यातच असते. दोन हात, दोन पाय, एकटा चार जणांचं काम करतो. शर्लीबाईंना ते येत होतं. तरी त्या तबकड्यांवर पुन्हा पुन्हा बेसवाला घेतात. डुव्हिव्हिए, मग हर्बी लुइस, मेजर हॉली, अर्ल मे, बॉब क्रॅनशॉ. ती यादी नुसती वाचली तरी कळतं की हा अपघात नव्हे, निवड आहे.

त्यानं काय होतं? डावा हात मोकळा होतो. खर्जाची चाल लाकडी बेसच्या तारेवर गेली की तिला खाजवल्यासारखा एक खरखरीत पोत येतो, जो चाकांच्या गुळगुळीत सुराला नाही. आणि मोकळा झालेला डावा हात सारखं काही करत बसत नाही. कधी तो दोन सुरांची टिचकी मारतो, कधी नुसता पट्टीवर पडून असतो. आपण गवयाचं कौतुक करताना म्हणतो, काय जागा घेतली! शर्लीबाईंच्या बाबतीत मला म्हणावंसं वाटतं, काय जागा सोडली! माझ्या गुरुजींनी मला पेटी शिकवताना पहिली दोन वर्षं एवढंच सांगितलं, गाणारा तिहाईला आला की हात वर. मी चिडायचे. त्यांना माझी तयारी दिसत नाही का, असं वाटायचं. दिसत होती म्हणूनच ते हात वर करायला सांगत होते, हे कळायला पंधरा वर्षं गेली.

(इथे 'हिप सोल' या तबकडीतला एक तुकडा ऐकवण्यात आला.)

आत्ता जो सॅक्सोफोन ऐकलात, त्या वादकाचं नाव वेष्टणावर 'स्टॅन टर्नर' असं छापलं होतं. या नावाचा माणूसच नव्हता. तो होता स्टॅन्ली टरेंटाइन, शर्लीबाईंचा नवरा. भानगड अशी की तो ब्लू नोट कंपनीशी बांधलेला आणि शर्लीबाई प्रेस्टीजशी. दोन्ही कंपन्या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी. नवराबायको रोज एका घरात, रोज एका बँडमध्ये, पण तबकडीवर मात्र एकत्र नाव घालायला बंदी. मग काय करायचं? २ जून १९६१ ला एंगलवूड क्लिफ्सच्या व्हॅन गेल्डर स्टुडिओत शर्लीबाईंची 'हिप सोल' मुद्रित झाली. ऑर्गन शर्ली स्कॉट, सॅक्सोफोन 'स्टॅन टर्नर', बेसवर हर्बी लुइस, ड्रम्सवर रॉय ब्रुक्स. बरोबर सहा दिवसांनी, ८ जूनला, त्याच स्टुडिओत, तेच चौघं पुन्हा जमले. या खेपेला तबकडी टरेंटाइनची, 'डिअरली बिलव्हेड', ब्लू नोटसाठी. आणि ऑर्गनपुढे छापलेलं नाव: 'लिटल मिस कॉट'.

स्कॉटमधला 'एस' मिसच्या शेवटी चिकटवला की झालं. कान लावून मोठ्यानं म्हणा, मिस कॉट, मिस स्कॉट, काही फरक नाही. फसवलं कुणाला? कुणालाच नाही. ऐकणाऱ्यांना तर पहिल्या दोन आवर्तनांत कळत असणार. कागदावरच्या करारासाठी कागदावरचा खोटेपणा. पण मला नेहमी वाटतं, नवऱ्याला मिळालं ते खोटं नाव निदान पुरुषाचं धड नाव होतं, पुढे मागे कुठे छापलं तरी खपून जाईल असं. बायकोला मिळालं 'लिटल मिस'. तेव्हा त्यांच्या स्वतःच्या नावावर दहाएक तबकड्या होत्या.

मला हसू येतं त्याला कारण आहे. १९९१ साली एका गावच्या संगीत महोत्सवात मी साथीला होते. पत्रिका हातात आली, त्यात गायकाचं नाव ठळक, तबलजीचं नाव पूर्ण, आणि शेवटी 'हार्मोनियम: सौ. कुलकर्णी'. नाव नाही, फक्त सौ. गंमत अशी की त्याच महोत्सवात दुसऱ्या दिवशी तानपुऱ्यावर आणखी एक सौ. कुलकर्णी होत्या, आणि माझं मानधनाचं पाकीट त्यांना गेलं. बाईंनी ते प्रामाणिकपणे मला आणून दिलं. तर लिटल मिस कॉट हे नाव वाचलं तेव्हा मी एकटीच घरात मोठ्यानं हसले.

या दोन तबकड्या लागोपाठ लावून बघा, हा प्रयोग मी सगळ्यांना करायला सांगते. माणसं तीच, खोली तीच, मधे सहा दिवस. 'हिप सोल'मध्ये शर्लीबाई घरच्या यजमानीण आहेत, विषय त्या काढतात. 'डिअरली बिलव्हेड'मध्ये विषय नवरा काढतो आणि त्या अर्धं पाऊल मागे सरतात. मुख्य कलाकार आणि साथीदार यांच्यातला फरक म्हणजे किती सूर वाजवले हा नव्हे, शेवटचा शब्द कुणाचा, हा आहे. पुढची काही वर्षं हे जोडपं दोन्ही बाजूंनी तबकड्या काढत राहिलं. १९६३ च्या जानेवारीतली 'द सोल इज विलिंग' मिळाली तर सोडू नका. तिचं शीर्षकगीत टरेंटाइनचं आहे आणि ड्रम्सवर ग्रेडी टेट आहे.

प्रेस्टीजसाठी शर्लीबाईंच्या वीसहून जास्त तबकड्या निघाल्या, सहा-सात वर्षांत. हा आकडा ऐकून छाती दडपते, पण सगळ्याच काही सोन्याच्या नाहीत. एका दिवसात जमेल तेवढं वाजवून घ्यायचं आणि ते वेगवेगळ्या वेष्टणांत पुढची काही वर्षं विकायचं, असा तो धंदा होता. बारमधल्या ज्यूकबॉक्ससाठी लांब चीज तोडून छोट्या तबकडीच्या दोन बाजूंना 'भाग एक', 'भाग दोन' करून घालायचे. ड्यूक एलिंग्टनच्या रचनांची एक, होरेस सिल्व्हरच्या रचनांची एक, अशाही काढल्या. त्यातली होरेस सिल्व्हरची मला जास्त आवडते.

मग इम्पल्स कंपनी. १९६४ च्या डिसेंबरमध्ये नेवार्क शहरातल्या फ्रंट रूम नावाच्या बारमध्ये प्रत्यक्ष कार्यक्रमाचं मुद्रण झालं आणि तबकडीला नाव दिलं 'क्वीन ऑफ द ऑर्गन'. हे राणीपद पुढे जन्मभर चिकटलं. तबकडी सुरेख आहे. ग्लासांचा आवाज येतो, कुणीतरी मधेच ओरडतं, टरेंटाइनचा सूर मधाळ आणि दाणेदार. राणी हा शब्द मात्र मला जरा दुरूनच बरा वाटतो. राणी म्हटलं की बाकीच्या सरदारांशी तुलना करायची गरज उरत नाही. तिला वेगळ्या सिंहासनावर बसवून मोकळं होता येतं.

साठीच्या दशकाच्या अखेरीला बाजार बदलला. अटलांटिक कंपनीसाठी त्यांनी त्या वेळची लोकप्रिय गाणी वाजवली. ती ऐकताना मला लग्नाच्या हॉलमध्ये भावगीतं वाजवणाऱ्या चांगल्या शहनाईवाल्याची आठवण होते. वाजवतो झकास, पण मन तिथे नसतं. १९७१ मध्ये टरेंटाइनशी काडीमोड झाला. आणि १९७४ साली त्यांनी 'वन फॉर मी' केली. नावातच सगळं आहे. ही माझ्यासाठी. कंपनी होती स्ट्राटा-ईस्ट, वादकांनी वादकांसाठी चालवलेली. सॅक्सोफोनवर हॅरॉल्ड विक, ड्रम्सवर बिली हिगिन्स. आणि बेस? या वेळी बेसवाला नाही! खर्ज स्वतः शर्लीबाई सांभाळतात. इतकी वर्षं जी जागा दुसऱ्याला दिली, ती पहिल्यांदा मनापासून स्वतःकडे घेतली, असं मला ते ऐकताना वाटतं. कदाचित मी जास्त अर्थ काढते आहे. असू दे.

त्यानंतर ऑर्गनच मागे पडला. सिंथेसायझर आले, एका माणसाला काखेत मारून नेता येतील असे. बी-थ्रीचं उत्पादन सत्तरच्या दशकाच्या मध्यावर थांबलं. १९० किलो कोण उचलणार? शर्लीबाई फिलाडेल्फियात राहिल्या, पुढे चेनी विद्यापीठात शिकवू लागल्या. १९९२-९३ मध्ये बिल कॉस्बीच्या दूरचित्रवाणीवरच्या प्रश्नमंजुषेत त्यांचा बँड होता. त्याच सुमाराला त्या पियानोकडे परत गेल्या. आर्थर हार्परचा बेस, मिकी रोकरचे ड्रम्स, आणि १९९१ च्या त्या पियानोवरच्या दोन तबकड्या 'ब्लूज एव्हरीव्हेअर' आणि 'स्कायलार्क'. ऐकल्यावर कळतं की सूर धरून ठेवायची सोय नसली तरी या बाईंचं काही अडत नाही.

शेवट क्लेशाचा झाला. वजन कमी करण्याच्या फेन-फेन या औषधांनी त्यांच्या हृदयाला आणि फुप्फुसांना इजा केली. १९९७ मध्ये ती औषधं अमेरिकेत बाजारातून काढून घ्यावी लागली. शर्लीबाईंनी दावा लावला आणि २००० साली ८० लाख डॉलरची भरपाई मिळवली. १० मार्च २००२ ला त्या गेल्या, अडुसष्टावा वाढदिवस चार दिवसांवर असताना. श्वासाच्या मापानं वाजवणाऱ्या बाईची फुप्फुसंच जावीत, यावर मला काही बोलता येत नाही.

आता शेवटची तबकडी. ही २०२३ साली बाहेर आली, पण मुद्रण आहे २० ऑगस्ट १९७२ चं, बाल्टिमोरच्या फेमस बॉलरूममधलं. 'क्वीन टॉक' हे तिचं नाव. सॅक्सोफोनवर जॉर्ज कोलमन, ड्रम्सवर बॉबी डरहॅम. बेसवाला नाही. पहिली चीज आहे 'इम्प्रेशन्स', जॉन कोल्ट्रेनची. कोल्ट्रेनला जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती, आणि त्या दोघांच्या हाय-टोन्सच्या दिवसांना सतराच्या आसपास.

ऐकण्याआधी रचना सांगते, म्हणजे हरवणार नाही. आपल्या काफी थाटाचे सूर घ्या. सोळा बार त्याच सुरांत. मग अख्खा थाट अर्ध्या सुरानं वर चढतो, आठ बार. मग परत खाली, आठ बार. झालं आवर्तन. कोलमन सुसाट सुटतो. तुम्ही त्याच्या मागे जाऊ नका. खर्जाकडे कान ठेवा, ती चाल न थांबता चालते आहे आणि ती या बाईंची आहे. त्या वर चढायच्या ठिकाणी, सोळावा बार संपताना, शर्लीबाई उजव्या हातानं काय करतात ते ऐका.

हॉल साडेआठला बंद होतो आणि किल्ल्या घेऊन शिंदेकाका दारात उभे आहेत, तेव्हा पहिलीच बाजू होईल. पंखे जरा बंद करता का?